पहिलं दूध, दुसरं दूध
कोचीची दैनंदिनी : भाग दुसरा

सोमवार

एर्नाकुलमच्या जेट्टीवरून सुटलेली बोट वीसेक मिनिटांत फोर्ट कोचीला लागली. वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेने, खाऱ्या पाण्यावरचा प्रवास आयुष्यात पहिल्यांदाच केला. त्यांचा सगळा जन्म साताऱ्याजवळ गेला, त्यांचं पाणी म्हणजे कृष्णा. किनाऱ्यावर चिनी जाळी उभी आहेत. सागवान आणि बांबूच्या भल्यामोठ्या सांगाड्याला बांधलेलं जाळं चार-पाच जण दोर ओढून पाण्यातून वर काढतात. मागच्या बाजूला दोरांना दगड बांधलेले, त्यांच्या वजनावर सगळा तोल. वन्सं अर्धा तास तिथून हलल्या नाहीत. "वहिनी, ही तर आपली मोट," म्हणाल्या.

पहिल्या भागात लिहिलं होतं, की या प्रवासाचं कारण शिरवाळे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझं माहेर कुडाळजवळ. तिथे तांदळाच्या पिठीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवतात, गरम असतानाच लाकडी शेवग्यात घालून दाबतात, आणि खाली पडलेल्या शेवया नारळाच्या दुधात गूळ-वेलची घातलेल्या रसाबरोबर खातात. लग्न होऊन मी घाटावर आले आणि नारळ सणापुरता उरला. शेंगदाण्याचा कूट, तीळ, कारळं यांचा स्वयंपाक शिकले आणि तो माझा झाला. चार वर्षांपूर्वी आई गेली. गेल्या वर्षी नातवासाठी शिरवाळे करायला घेतले, तर रस फुटला. खाली पाणी, वर चोथा, त्यावर तेलाचे डोळे. दुसऱ्यांदा केला, पुन्हा तेच. आमच्याकडे बरेच जण हा रस कच्चाच ठेवतात, पण आईचा रस कोमट असायचा, एवढं माझ्या जिभेला पक्कं आठवतं. तो ती कोमट कसा करायची, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी तेव्हा पाटावर बसून वाट पाहत असायची.

नारळाच्या दुधावर सगळा स्वयंपाक चालणारा मुलूख म्हणजे केरळ. म्हणून इथे आले.

मंगळवार

आजचा वर्ग फुकट गेला. तीन तासांत सहा पदार्थ, असं पाटीवर लिहिलेलं होतं, आणि ते झालेही. आम्ही गेलो तेव्हा कांदे चिरून, आलं बारीक करून, मसाले वाट्यांमधून मोजून ठेवलेले होते. नारळाचं दूध पाकिटातलं. शिकवणारा मुलगा गोड बोलणारा होता, त्याच्या मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही. पण आम्ही दहा जणांनी मिळून एकाच कढईत एकेकदा डाव फिरवला आणि फोटो काढले. नारळ फोडलाच नाही तर नारळाचा स्वयंपाक शिकवला असं कसं म्हणायचं? लोक हजारो कोस चालून येतात ते घरातलं बघायला. त्यांना निदान चिरण्याचा, वाटण्याचा आणि वाट पाहण्याचा वेळ द्यायला हवा. स्वयंपाकाचा निम्मा भाग त्यातच असतो.

संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या घरमालकिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, माझ्या मावशीकडे जा. एका वेळी दोघींनाच घेते, पण सकाळी साडेसातला पोचायचं, आणि रिकाम्या पोटी.

बुधवार

मावशींना आम्ही चेची म्हणायचं ठरलं. चेची म्हणजे ताई. वय सत्तरीच्या आसपास, पांढरी चट्टा-मुंडू, कानात कुणुक्क. सिरियन ख्रिस्ती घराण्यातल्या म्हाताऱ्या बायकांचा हा जुना पोशाख आता क्वचितच दिसतो. त्यांनी ठाण्यात अकरा वर्षं नर्स म्हणून काम केलेलं. हिंदी येतं, आणि मधूनच एखादा मराठी शब्द: "हळू, ताई, हळू."

वन्सं माळकरी. मी संकोचत चेचींना सांगितलं, की या मासे खात नाहीत, भांडंही वेगळं लागेल. त्यांनी लगेच वरच्या फळीवरून एक मातीची चट्टी काढली. ईस्टरच्या आधी त्यांचा पन्नास दिवसांचा नोंब असतो, मांस-मासे-अंडी काही नाही. त्यांची आई त्या दिवसांची भांडीच निराळी ठेवायची आणि चेचींनीही ती पद्धत मोडलेली नाही. वन्संनी ती चट्टी दोन्ही हातांनी घेतली. त्यानंतर दोघींना माझी मध्यस्थी लागली नाही.

सुरुवात नारळापासून. चेचींनी चिरवा पुढे सरकवला: बसायला लाकूड, पुढे दातेरी पातं. मी बसले आणि हात आपोआप वाटी फिरवायला लागला. माझ्या माहेरच्या आडाळ्याला पुढे असंच दातेरी टोक होतं, फक्त भाजी चिरायला पातंही असायचं. पस्तीस वर्षं मी मिक्सरवर काम केलं, तरी मनगट विसरलं नव्हतं. तपकिरी सालीपर्यंत जायचं नाही, नाहीतर दूध मळकट येतं, हेसुद्धा कुणी सांगावं लागलं नाही.

मग दूध. खवलेल्या खोबऱ्यावर अगदी थोडं कोमट पाणी घालून हाताने चुरायचं आणि फडक्यातून पिळायचं. हे ओन्नां पाल, पहिलं दूध, सायीसारखं दाट, दोन नारळांचं जेमतेम एक भांडं. चोथ्यात आणखी पाणी घालून पुन्हा पिळलं की रंडां पाल, दुसरं. आणखी पाणी घालून मून्नां पाल, तिसरं, ताकाच्या निवळीसारखं. तिन्ही वेगळ्या भांड्यांत ओळीने ठेवायची. चेची म्हणाल्या, पाकिटात ही तिन्ही एकत्र झालेली असतात, मग कुणाला कधी बोलवायचं ते कसं कळणार?

हेच मला हवं होतं. वन्संच्या इष्टूसाठी, म्हणजे इथल्या स्ट्यूसाठी, बटाटे शिजले ते तिसऱ्या दुधात. कांदा, आलं, उभी चिरलेली हिरवी मिरची, दालचिनी, लवंग, कढीपत्ता पडला आणि त्यावर दुसरं दूध. इथपर्यंत मोठी आच चालते, खळखळलं तरी बिघडत नाही. बटाटा बोटाने फुटायला लागला की आच बारीक, आणि मगच पहिलं दूध.

माझ्या चट्टीत मोईली होती, नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण. मासा करिमीन. खाडीच्या मचूळ पाण्यातला हा चपटा मासा 2010 सालापासून केरळचा राज्यमासा आहे, गोव्यात त्याला कालुंदर म्हणतात. हळद-मीठ लावून नुसता दोन्ही बाजूंनी तेलावर दाखवायचा, तळायचा नाही. मग कांदा, आलं, मिरची, दुसरं दूध, त्यात मासा, वरून टोमॅटोच्या चकत्या. पहिलं दूध ओतल्यावर चमचा घालायचा नाही. चट्टी दोन्ही कानांना धरून हलकेच गोल फिरवायची, म्हणजे मासा मोडत नाही.

मी वही काढली. "चेची, पहिलं दूध घातल्यावर किती मिनिटं ठेवायचं?"

"मिनिट नको. काठ बघा."

मी काठ बघत राहिले. वाफ वाढली, मग चट्टीच्या काठाला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. मधला भाग अजून शांत होता. "आता," चेची म्हणाल्या आणि चट्टी उतरवली. मधोमध बुडबुडा आला असता तर उशीर झाला असता. पहिल्या दुधात खोबऱ्याचं बहुतेक तेल असतं, त्याचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले राहतात ते दुधातल्या प्रथिनांच्या आधाराने. उकळी आली की ती प्रथिनं आकसतात, आधार सुटतो आणि तेल वर येतं. नर्स असलेल्या चेचींनी हे मला औषधाच्या बाटलीचं उदाहरण देऊन समजावलं: "हलवून प्या, असं लिहितात ना, तसं." पातळ दुधात तेल कमी, म्हणून ते उकळी सोसतं. आंबट काही घालायचं तर तेही खाली उतरवल्यावर, लिंबाचे चार थेंब.

मी विचारलं, आणि गूळ?

त्या हसल्या. इथे प्रत्येक घरात प्रथमन करतात, गूळ आणि नारळाच्या दुधाचं पायसम्. डाळ नाहीतर तांदळाची अडा गुळात शिजवायची, तिसरं दूध घालून आटवायचं, दुसरं घालून आटवायचं, आणि चूल विझवून पहिलं. मी गेल्या वर्षी काय केलं होतं? सगळं दूध एकत्र पिळून, त्यात गूळ टाकून, आचेवर ठेवून ढवळत बसले होते. आईच्या ओट्यावर तीन पातेली असायची. ती मला दिसली, अगदी कडांवरच्या पोच्यांसकट. मी समजत होते, तिला पसाऱ्याची सवय आहे.

न्याहारीला अप्पम. त्याचं पीठ चेचींनी आदल्या दिवशीच दळून ठेवलं होतं. त्यातलं थोडं पीठ पाण्यात शिजवून खिरीसारखं करतात, त्याला कप्पी म्हणतात. ते थंड करून परत पिठात मिसळलं की अप्पम मऊ होतो. पूर्वी पीठ फुगायला माडी घालायचे, आता बहुतेक घरांत यीस्ट. माझे पहिले तीन अप्पम जाड झाले. कढई एकदाच आणि धीटपणे फिरवावी लागते, तेव्हा कडेला जाळी पडते. वन्संचा पहिलाच अप्पम जमला.

गुरुवार

मट्टांचेरी. गल्ल्यांतून सुंठ, मिरे, वेलची यांचा वास अंगाला चिकटतो. या मिऱ्यांसाठी जहाजं आली. वास्को द गामा 1524 साली कोचीतच वारला. त्याच्या लोकांमागून अमेरिकेतली मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली, त्याआधी इथल्या आणि आपल्याही जेवणाचा तिखटपणा मिऱ्यांचाच होता. आपण त्या परकी फळाला मिऱ्यावरूनच मिरची हे नाव दिलं.

चेरलाईच्या तिरुमला देवळाजवळ एका दुकानात दोन बायका बोलत होत्या आणि मला त्यांचं सगळं समजत होतं. कोकणी! पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत घराणी इथे शतकानुशतकं राहतात. सतराव्या शतकात डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ 'होर्तुस मलाबारिकुस' तयार करवला. त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीचे तीन कोकणी वैद्य होते. 1675 सालचं त्यांचं प्रमाणपत्र त्या ग्रंथात देवनागरीत छापलेलं आहे. इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य त्यांच्या बरोबरीचा. आणि त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाची सुरुवात होते ती तेंगापासून, म्हणजे नारळापासून. मला ते योग्यच वाटलं.

दुकानातल्या बाईंनी उडदाचे पापड बांधून दिले आणि मी कुठली ते विचारलं. कुडाळ म्हटल्यावर, "मग तुमी आमचींच," म्हणाल्या.

शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून पितळेची सेवनाळी घेतली. चकलीच्या सोऱ्यासारखीच, पण जड. तिच्या नावातली नाळी हे इथलं जुनं धान्याचं मापही: चार नाळींची इडंगळी, दहा इडंगळींचा परा. वन्संनी लगेच आपला हिशेब मांडला, चार शेरांची पायली. दुकानदार आणि त्या बोटांवर मोजत कितीतरी वेळ बोलत होते, दोघं आपापल्या भाषेत.

शुक्रवार

आज चेचींना शिरवाळे करून दाखवायचे होते. मागणी त्यांचीच.

त्यांचा इडियप्पम आणि आमचे शिरवाळे यांत वस्तू त्याच, क्रम उलटा. त्या भाजलेल्या तांदळाच्या पिठीत कढत पाणी घालून मळतात, दाबतात आणि मग वाफवतात. आम्ही आधी शिजवतो, मग दाबतो. म्हणून त्यांना हातातली नाळी पुरते, आणि आम्हाला उभा शेवगा आणि दोन माणसं लागतात. शिजलेला गोळा चिवट असतो, जरा निवला की हलत नाही.

मी उकड काढली, गोळे वळले, उकळत्या पाण्यात सोडले. चेचींची नात वही घेऊन शेजारी उभी. तिने विचारलं, "आंटी, किती मिनिटं?"

"वर तरंगायला लागले की," मी म्हटलं, आणि तेवढ्यात पहिला गोळा वर आला.

इथे शेवगा नव्हता, नाळीच होती. पहिली नाळी मला दाबता येईना. वन्संनी पदर खोचला, दांडा माझ्या हातातून घेतला आणि सगळा भार टाकला. चाळीस वर्षं म्हशी सांभाळलेले हात आहेत ते. शेवया लांबसडक, न तुटता केळीच्या पानावर उतरल्या. "घाला पुढचा, निवायच्या आत," त्या ओरडल्या. चेची गोळा उचलून देत होत्या, मी भरत होते, वन्सं दाबत होत्या. एकवीस गोळे झाले.

रस मी एकटीने केला. गूळ तिसऱ्या दुधात विरघळवला आणि गाळून घेतला. दुसरं दूध घालून चांगलं उकळू दिलं, वेलची घातली, चिमूटभर मीठ. चूल बंद केली. पातेल्याची घरघर थांबेपर्यंत थांबले. मग पहिलं दूध धारेने ओतलं आणि पातेलं कानांना धरून फिरवलं. रंग बदलत गेला, तपकिरीवरून पिवळसर. मी वाकून काठ पाहिला. तेलाचा एकही डोळा नव्हता. बोट बुडवून चाटलं. कोमट होतं.

चेची मागे वळल्या नाहीत. त्या वन्संना विचारून नोंबाच्या चट्टीशेजारी चार ताटल्या मांडत होत्या.