फुकटचे पंचवीस हजार

२०२४च्या भाऊबीजेला आम्ही सगळे गावी जमलो होतो. जेवणं झाली आणि ओट्यावर गप्पा रंगल्या. माझा चुलतभाऊ तेव्हा तहसील कार्यालयात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून लागला होता. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, पदवीधर म्हणून महिन्याला १० हजार रुपये विद्यावेतन. रोज सकाळी बसने तालुक्याला जायचं, दिवसभर अर्जांच्या नोंदी करायच्या, संध्याकाळी परत. तरी तात्या म्हणाले, "मजा आहे बुवा! सरकार पोरांना फुकट खायची सवय लावतंय." मागून कुणीतरी ओरडलं, "लाडका भाऊ!" सगळे हसले. भाऊसुद्धा कसनुसं हसला.

मीही हसलो. खरं तर त्या ओट्यावर हसायचा अधिकार सगळ्यात कमी मला होता.

२०२०च्या जूनमध्ये माझी नोकरी गेली. चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, पगार १७,२०० रुपये. ऑर्डर नाहीत, उद्यापासून येऊ नका, एवढं फोनवर सांगितलं. भोसरीत आम्ही तिघे एका खोलीत राहायचो. घरी मी दीड महिना काहीच बोललो नाही. आई विचारायची, "कंपनी सुरू आहे ना?" मी म्हणायचो, "हो, शिफ्ट कमी केल्यात."

मग एका जुन्या सहकाऱ्याने मेसेज पाठवला. 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना'. आधी मला तो फेक फॉरवर्डच वाटला. पण ईएसआयसीची ही योजना खरी होती आणि २०१८पासून होती. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआय कापला जाणाऱ्या कामगाराची नोकरी गेली आणि तो अटींत बसत असला, तर जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता मिळायचा. आयुष्यात एकदाच. आधी तो सरासरी कमाईच्या २५ टक्के होता, कोविडच्या काळात ५० टक्के केला.

मी पात्र होतो. तरीही दोन आठवडे अर्ज भरला नाही.

कारण ते 'फुकटचे पैसे' होते आणि फुकट घेणाऱ्यांबद्दल मी आधी बरंच बोललो होतो. २०१७च्या कर्जमाफीच्या वेळी 'आमच्या टॅक्सच्या पैशातून किती दिवस?' अशी पोस्ट टाकली होती. तेव्हा माझा पगार ११ हजार होता. इन्कम टॅक्सचा एक रुपयाही मी भरत नव्हतो. लाइक्स मात्र चिक्कार मिळाले.

शेवटी एका रात्री मोबाइलवर जुनी सॅलरी स्लिप उघडली. पीएफच्या खाली एक ओळ होती : ईएसआय, १२९ रुपये. पगाराचे ०.७५ टक्के. कंपनी भरायची ते ३.२५ टक्के वेगळे. म्हणजे हा विमा होता आणि त्याचा हप्ता दर महिन्याला माझ्या पगारातून जात होता. बाइकला कुणी ठोकलं तर विम्याचा क्लेम करायला आपल्याला लाज वाटत नाही. उलट गॅरेजवाल्याला हळूच सांगतो, तो जुना ओरखडापण यातच बसव. मग नोकरीच्या विम्याचीच लाज का वाटावी?

मला वाटतं, बाइकचा अपघात कुणाचाही होऊ शकतो हे आपण मान्य केलंय. नोकरी जाणं मात्र अजून ज्याचा त्याचा दोष आहे. आपल्याकडे बेकार माणसाला 'रिकामा' म्हणतात. रिकामा डबा, रिकामा हंडा, तसाच रिकामा माणूस. त्याला पैसे दिले की ते वाया गेले, असं शब्दातच ठरून जातं.

तीन हप्त्यांत मिळून साधारण पंचवीस हजार आले. पैसे मिळाले की माणूस आळशी होतो म्हणतात, म्हणून खरं सांगतो : पहिला आठवडा मी नुसता लोळून वेब सिरीज बघितल्या. पण त्या पैशातून खोलीचं भाडं गेलं, मेसचं बिल गेलं. आणि ९ हजारांवर राबवून घेणाऱ्या एका ठेकेदाराला मी नाही म्हणू शकलो. सव्वा महिन्याने १६,५०० ची नोकरी मिळाली. आळस म्हणा हवं तर. मी त्याला थांबायची ऐपत म्हणतो.

इथवर माझी बाजू सोपी आहे, कारण हप्ता मी भरला होता. पण भावाचं काय? त्याचे १० हजार सरकारी तिजोरीतून येत होते. आणि ज्याला ईएसआयच नाही त्या डिलिव्हरीवाल्याचं, दुकानातल्या पोराचं काय? त्यांनी मागितलं तर ती भीक?

याचं उत्तर मला आजीकडून मिळालं. भत्त्याचं मी घरात फक्त तिला सांगितलं होतं. आमचा जिल्हा बीड. १९७२च्या दुष्काळात आजी विशीतली होती, खडी फोडायला जायची. सुकडीची चव तिला अजून आठवते. पुढे बरीच वर्षं ती रोजगार हमीच्या कामांवर होती : नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काम मागत व्हतास का?"

"रोज मागत होतो."

"मग? आमीबी अर्ज द्यायचो. पंधरा दिसांत काम न्हाई दिलं तर भत्ता द्यावा लागतो सरकारला."

"तुला मिळाला कधी?"

"कुठला मिळतोय! पण भत्त्याचं नाव काढलं की काम निघायचं. लाज तुला कशापायी? काम देत न्हाईत, लाज त्यांला."

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. 'मागेल त्याला काम', नाहीतर भत्ता. देशाला असा कायदा मिळायला २००५ उजाडलं. आणि त्यासाठी पैसा उभा करायला १९७५मध्ये जो कर बसवला, तो माझ्या स्लिपवर ईएसआयच्या खालच्याच ओळीत होता. प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. तुमच्याही स्लिपवर असेल, बघा. पगारदारांनी काम नसलेल्यांसाठी थोडं बाजूला काढायचं, हे आपल्या राज्यात पन्नास वर्षांपूर्वीच ठरलंय. तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्याही पगारातून तो वर्षानुवर्षं कापला गेला. त्यांच्या सख्ख्या आईने त्यावर घर चालवलं होतं.

हे सगळं मला त्या दिवशी ओट्यावर माहीत होतं. संध्याकाळी भावाला स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा त्याला माझ्या पंचवीस हजारांबद्दल सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दुपारी बोलला असतास तर बरं झालं असतं दादा."

एसटी आली, तो चढला. मला उत्तर सुचलं नाही. म्हणून हे लिहिलं. लिंक फॅमिली ग्रुपवर टाकणार आहे. तात्या ग्रुपवर आहेत.