नाव तेच, पॅकेज वेगळं

2008 सालच्या एखाद्या फ्रीबीएसडी सर्व्हरवर अपाची-1.3.41 बसलेलं असे आणि भांडारात अपाची-2.2.11 दिसे. नाव सारखं, आकडा मोठा. बायनरी अपग्रेडचं साधन फक्त एवढंच पाहणारं असेल, तर ते जुनं काढून नवं बसवणार. पण 1.3साठी बांधलेली मॉड्यूलं 2.2मध्ये चढत नाहीत, आणि कॉन्फिगरेशनच्या कित्येक ओळीही बदलाव्या लागतात. साधनाने जिला पुढची आवृत्ती मानलं, ती सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या लेखी निराळी वस्तू असते.

सोर्सवरून बांधणाऱ्याच्या हाताशी निदान बांधणीची कृती असते. बायनरी साधनाकडे मात्र दोनच याद्या: मशीनवर काय आहे आणि भांडारात काय आहे. पहिल्या यादीतल्या प्रत्येक नोंदीला दुसऱ्या यादीतला तिचा वारस शोधून द्यायचा. या कामाचा कस लागतो तो इथेच. डाउनलोड, सह्या तपासणं, फायली पसरणं हे त्यामानाने सोपं.

फ्रीबीएसडीने अपाचीचा गुंता सोडवला तो नावाऐवजी उगम धरून. प्रत्येक पोर्टची, म्हणजे बांधणीच्या कृतीची, एक फोल्डर-जागा असते: तेव्हा अपाची13 वेगळी होती, अपाची22 वेगळी. पॅकेज कोणत्या जागेतून बांधलं गेलं हे त्याच्याबरोबरच नोंदवलेलं असल्यामुळे साधन 1.3वाल्याला 1.3च्याच रांगेत ठेवी. पण जागाही बदलतात. पोर्ट दुसऱ्या विभागात जातं, त्याचं नाव बदलतं, कधी ते बंदच होतं. त्यासाठी पोर्ट्सच्या झाडात ‘मूव्ह्ड’ नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत जुनी जागा, नवी जागा, तारीख आणि कारण. गावच्या तलाठ्याकडची फेरफार नोंदवही जशी जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते सांगते, तशी ही फाइल पॅकेजांचा वारसा सांगते. ती माणसं हाताने लिहितात. एक ओळ लिहायची राहिली, तर कितीही हुशार साधनाला तो दुवा खात्रीने सापडत नाही.

पुढे 2017मध्ये फ्लेव्हर्स आले आणि उगमाचाही एकमेवपणा गेला. एकाच पोर्टमधून पायथन 2.7साठी एक आणि पायथन 3.6साठी दुसरं अशी पॅकेजं निघू लागली. जागा एक, नावं वेगळी. जी साधनं उगमालाच ओळख मानून बांधली होती, त्यांना मुळातून हात घालावा लागला.

डेबियनमधली गिटची कहाणी तर या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. लिनस टोरवाल्ड्सने 2005मध्ये गिट लिहिलं, तेव्हा डेबियनमध्ये ‘गिट’ हे नाव आधीच घेतलेलं होतं: ग्नू इंटरॅक्टिव्ह टूल्स नावाच्या फायली हाताळणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमने. म्हणून नव्याला ‘गिट-कोअर’ म्हटलं गेलं. नंतर जुन्याने ‘ग्नूइट’ हे नाव घेतलं आणि 2010मध्ये नव्याला ‘गिट’ मिळालं. पण जुन्या गिटची आवृत्ती 4.3च्या घरात होती आणि नवं अजून 1.7वर. आकडे पाहणारं साधन या बदलाला मागे जाणं समजलं असतं. म्हणून आवृत्तीआधी ‘1:’ असा इपॉक लावला गेला, म्हणजे गणना नव्याने सुरू झाल्याची खूण. एकदा लावलेला इपॉक काढता येत नाही. काढला की क्रम पुन्हा उलटतो. त्यामुळे डेबियनचं गिट आजही ‘1:2’ने सुरू होणारी आवृत्ती मिरवतं.

आणि हाच इपॉक डेबियनच्या पॅकेज-फायलीच्या नावात मात्र येत नाही. फक्त इपॉकचाच फरक असलेल्या दोन पॅकेजांच्या फायलींचं नाव हुबेहूब सारखं होतं! फाइलच्या नावावरून ओळख ठरवू नये, आतली नोंद वाचावी, हा आग्रह कारागिराने धरलाच पाहिजे.

बरं, नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर सगळं जुळलं तरी आतला माल एकच असेल असं नाही. तोच विम एडिटर कोणी ग्राफिकल खिडकीसकट बांधतं, कोणी तिच्याशिवाय. फ्रीबीएसडीचं पीकेजी हे पॅकेज-साधन म्हणूनच आवृत्ती सारखी असली तरी बांधणीचे पर्याय, अवलंबित्वं आणि लागणाऱ्या शेअर्ड लायब्रऱ्या बदलल्या का ते पाहतं, आणि पॅकेज पुन्हा बसवताना कारणही छापतं. वापरणाऱ्याला निर्णयाचं कारण दाखवणं ही फार मोलाची सवय आहे.

मग सगळ्याचा हॅशच का काढू नये? एल्को डोल्स्त्राने 2006च्या आपल्या प्रबंधात मांडलेल्या निक्स या पॅकेज-साधनाने तेच केलं. बांधणीला लागलेल्या प्रत्येक गोष्टीवरून काढलेली 32 अक्षरं प्रत्येक पॅकेजच्या जागेच्या नावातच येतात. एक पर्याय बदला, अक्षरं बदलतात. दोन बांधण्या एकच आहेत का, याचं इतकं चोख उत्तर क्वचितच कोणी दिलं असेल. पण दोन हॅश समोर ठेवले तर त्यांतला कोण कोणाचा वारस, हे त्या अक्षरांत कुठेच नसतं. त्यामुळे निक्सची जुनी अपग्रेड-आज्ञा हॅश बाजूला ठेवून पॅकेजचं नाव वाचते. ज्या पहिल्या जोडरेघेनंतर अक्षर येत नाही तिथे ते तोडते, डावीकडच्या भागाला नाव आणि उजवीकडच्याला आवृत्ती मानते, आणि नाव जुळलं की मोठी आवृत्ती उचलते.