वहिनी, तुम्हीही हत्तीत बसा

नाशिक,
१८ एप्रिल

ती. स्व. सौ. वहिनीस,


काल रात्री दादांचा फोन आला होता. डॅलसला जायची तुमची तिकिटं झाली, जूनमध्ये तिथून सगळे मिळून ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जाणार, हे ऐकून फार बरं वाटलं. मग म्हणाले, "ती म्हणते मी घरीच थांबेन. त्या पाळण्यांत माझं काय काम? माझं तिकीट उगाच वाया." फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

वहिनी, तुम्ही जा. आणि गेल्यावर पाळण्यात बसा. सगळ्यांच्या पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत दिवसभर बाहेर बसायचं असेल, तर त्यापेक्षा घरी थांबलेलं बरं, असं मी तुमची नणंद असूनही सांगेन.

ही जागा मुळात कशी सुचली ते आम्ही तिथे गेलो होतो तेव्हा मला जावयांनी वाटेत गाडीत सांगितलं होतं, पुढे मी वाचूनही घेतलं. वॉल्ट डिस्नेला दोन मुली होत्या. शनिवारी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मेरी-गो-राउंडवर घेऊन जायचा. मुली घोड्यावर बसून गरगर फिरायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट बघायचा. तिथे त्याच्या मनात आलं की आईवडिलांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये? १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियात ॲनहाइमला डिस्नेलँड उघडलं ते या विचारातून. म्हणजे मुलांना आत सोडून मोठ्यांनी बाहेर ताटकळायचं, हेच ज्या माणसाला खटकलं त्याने हे सगळं उभारलं. तिथे जाऊन आपण पुन्हा त्याच बाकावर बसायचं का?

फ्लोरिडाचं डिस्ने वर्ल्ड त्याला बघायला मिळालं नाही. जमीन घेऊन झाली होती, नकाशे काढून झाले होते, आणि डिसेंबर १९६६मध्ये तो गेला. त्याचा थोरला भाऊ रॉय तेव्हा निवृत्त व्हायच्या बेतात होता. त्याने निवृत्ती बाजूला ठेवली आणि धाकट्याचं काम पुरं करायला घेतलं. १ ऑक्टोबर १९७१ला पार्क उघडलं. नावात नुसतं 'डिस्ने' नको, 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' असंच हवं, हा आग्रह रॉयचा. त्याच डिसेंबरात तोही गेला. हे ऐकलं तेव्हा मला दादांची आठवण आली. बाबा गेल्यावर माझं बी.एड. दादांनी कसं पुरं करून दिलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातला तुमचा वाटाही मी विसरलेले नाही.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येते. "तिथे माझ्याजोगं काय असणार?" वहिनी, तिथे प्रत्येक मोठ्या पाळण्याच्या तोंडाशी मुलांची उंची मोजतात. सात बुटक्यांच्या खाणीतल्या गाडीला ३८ इंच लागते, अंधारात धावणाऱ्या स्पेस माउंटनला ४४. तुमची नात आता कुठे चौथ्यात आहे, तिला बऱ्याच ठिकाणी दारावरूनच परत पाठवतील. आणि जिथून तिला परत पाठवतील तिथे तुमच्या-माझ्या मानेने, कमरेनेही जाऊ नये. राहतात ते सावकाश चालणारे, उंचीची अट नसलेले पाळणे. म्हणजे चार वर्षांच्या मुलीची यादी आणि सत्तरीला आलेल्या आजीची यादी जवळजवळ एकच निघते. मधल्या वयाच्या आईबापांनाच तिथे कुणी जोडीदार नसतो. या घरात तिच्याबरोबर दिवसभर बसू शकेल असं माणूस तुम्हीच आहात.

सगळ्यात आधी डंबोचा हत्ती. मोठाल्या कानांचे हत्ती मधल्या खांबाभोवती फिरतात. एका हत्तीत दोघांना जागा असते, समोर एक दांडा असतो. तो हलवला की हत्ती वर जातो, खाली येतो. आम्ही गेलो तेव्हा आमचा नातू चार वर्षांचा होता. मला अटलांटाला उतरून थोडेच दिवस झाले होते आणि तो अजून माझ्याजवळ यायला तयार नव्हता. त्याची आजी त्याला रोज रात्री दिसत होती, पण फोनच्या पडद्यावर. पडद्यावरच्या आजीला हात नसतात, अंगाला वास नसतो. प्रत्यक्षातली बाई घरात राहायला आली म्हटल्यावर तो आईमागे लपायचा. मुलगी म्हणाली, "आई, तू बस त्याच्याबरोबर." बसले. दांडा त्याच्या हातात. हत्ती वर गेला तशी मी आतली कड घट्ट धरली आणि खरोखरच "अगं बाई!" म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. आपण दांडा हलवला की आजी घाबरते, हे त्याला कळलं. मग मुद्दाम खाली आणलं, माझ्याकडे बघून विचारलं, "आजी, अप?" मी म्हटलं, "वर?" तो म्हणाला, "वर!" आणि पुन्हा वर. घरातली सगळी सूत्रं मोठ्यांच्या हातात असतात. तिथे मात्र तो मला नेत होता आणि मी त्याच्या मर्जीने वर-खाली होत होते. खाली उतरल्यावर त्याने माझं बोट धरलं ते गाडीपर्यंत सोडलं नाही. मी बाहेर उभी राहून हात हलवला असता, तर हे झालं नसतं. म्हणून एवढं हट्टाने सांगते आहे. मुलांना मोठ्यांचं बघणं पुरत नाही, त्यांना मोठे बरोबर भिजलेले, घाबरलेले, हसलेले हवे असतात.

तिथे तंबूत मुलांना खेळायची जागाही केली आहे, त्यामुळे नंबर येईपर्यंत ती कंटाळणार नाही. बाकीचं सांगते. होडीतून जाताना देशोदेशीच्या बाहुल्या गाताना दिसतात, तो 'स्मॉल वर्ल्ड' नक्की करा. हा देखावा मुळात १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात युनिसेफसाठी केला होता, मेरी ब्लेअर नावाच्या चित्रकर्तीच्या रंगयोजनेतला. गारवा असतो, बसायला मिळतं, पाय विसावतात. पीटर पॅनच्या उडत्या जहाजात चढताना पायाखालचा पट्टा सरकत असतो, तिथे मुलाचा हात धरूनच चढा. लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड १९१७ सालचं आहे, डिस्ने वर्ल्डहून वयाने कितीतरी मोठं. घोड्यावर पाय टाकायला जमलं नाही तर बसायला बाक असलेला रथही आहे.

आणि दादांसाठी आगगाडी. उभी हयात रेल्वेत काढलेल्या माणसाने ती बघितलीच पाहिजे. चारही इंजिनं खरी, वाफेची, फिलाडेल्फियाच्या बॉल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८च्या दरम्यान बांधलेली. मेक्सिकोत युकातानकडे ती राबत होती. डिस्नेच्या माणसांनी ती तिथून विकत आणून दुरुस्त केली. रूळ तीन फुटी, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानपेक्षा एक फूट रुंद. पार्काभोवती दीडेक मैलाची फेरी मारते. त्या दिवशी गाडी सुरू आहे ना, तेवढं मुलाला आधी बघायला सांगा. माथेरानच्या गाडीत दादांनी आम्हा लहानांना इंजिनाबद्दल जे सांगितलं, ते आता नातीला सांगू देत. तिला मराठी अर्धंच कळलं तरी सांगू देत.

गुडघ्यांचं. तिथे दिवसाला काही किलोमीटर चालणं होतं, यात शंका नाही. दाराशीच भाड्याने व्हीलचेअर मिळते, ती घ्या. "लोक काय म्हणतील" हा विचार नाशकातच ठेवून जा. तिथे तुमच्याहून कितीतरी धडधाकट दिसणारी माणसं खुर्चीत बसलेली असतात आणि कुणी कुणाकडे वळून बघत नाही. बऱ्याचशा रांगांतून खुर्ची सरळ आत जाते. नातीलाही बाबागाडी घ्यायला लावा. घरी ती बाबागाडीत बसत नसली तरी दुपारी तिला ती लागणार. पाळण्याबाहेर बाबागाड्या लावायच्या जागा असतात. तिथली माणसं त्या रांगेत नीट लावताना हलवतातही, म्हणून ओळखीला एखादी रंगीत फीत बांधून ठेवा.

खाण्याची काळजी नको. घरचं खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेच्या बाटल्या-बरण्या चालत नाहीत. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी न्या. दादांच्या गोळ्यांची वेळ चुकायला नको, म्हणून एक डबा तुमच्याच हाताशी असू द्या. खाण्याच्या काउंटरवर गार पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात. अननसाचं गारेगार डोल व्हिप मात्र विकत घेऊन खा.

चार पार्कं आहेत, सगळी करायचा घाट घालू नका. मुलाने तशी आखणी केली असेल तर त्याला माझं नाव सांगा. एवढ्या लहान मुलीसाठी मॅजिक किंगडम (वर सांगितलेले हत्ती, होडी, आगगाडी सगळं तिथलंच) आणि ॲनिमल किंगडम ही दोन पुरे. ॲनिमल किंगडमला उघड्या ट्रकमधून सफारी असते. जिराफ, हत्ती, गेंडे खरेखुरे. सगळं कुटुंब एका बाकड्यावर बसतं. सकाळीच जा, जनावरं तेव्हा जास्त हिंडतात. त्याच्या जवळच्या ॲनिमल किंगडम लॉजमध्ये 'साना' नावाचं हॉटेल आहे. तिथे नानसारख्या रोट्या आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात आणि काचेतून झेब्रे चरताना दिसतात. टेबल आधी राखून ठेवलेलं बरं.

एक गोष्ट नातीच्या आईला आवर्जून सांगा. मिकी-मिनीचे मोठे मुखवटे घातलेली माणसं भेटायला येतात. ती बोलत नाहीत, नुसत्या खुणा करतात. लहान मूल कधीकधी भयंकर घाबरतं. सुरगाण्याकडे बाबांची बदली होती तेव्हा बोहाड्याच्या रात्री मुखवटे पुढे आले की मी तुमच्या दिरांच्या पाठीमागे तोंड लपवायची. मूल घाबरलं की आईबाप "काही नाही, काही नाही, फोटो काढू" म्हणत पुढे ढकलतात. ढकलू देऊ नका. लांबून बघू दे. दुसऱ्या मुलांना मिकी जवळ घेतो हे तिने बघितलं की तिची तीच जाईल, नाही गेली तरी काही अडत नाही. फोटोसाठी मुलाला रडवणं मला मुळीच पटत नाही.

जूनमधलं ऊन आपल्या मे महिन्याला हार जाणार नाही आणि हवा मुंबईसारखी दमट. दुपारी बहुधा ढग जमतात, गडगडाट होतो. विजा जवळ आल्या की बाहेरचे पाळणे बंद ठेवतात. म्हणून दार उघडताना आत, जेवणाच्या वेळी बाहेर, मुलीची झोप, आणि संध्याकाळी पुन्हा. "एवढे पैसे भरलेत, मग दिवसभर राहू" असं मुलगा म्हणेल. पैसे भरलेत म्हणून पेंगणाऱ्या मुलीला उन्हात फिरवायचं नसतं, हे आईच्या अधिकाराने त्याला तुम्हीच सांगू शकता, सून सांगू शकणार नाही.

पैशांचंही बोलते, कारण तुमचं मन तिथेच अडलं आहे. मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर जातं, तारखेप्रमाणे आणखीही. दहा वर्षांपासून पुढे मोठ्यांचाच दर, तीन वर्षांखाली फुकट. रुपयांत ही रक्कम डोळ्यांत येते. पण मुलगा कमावतो, त्याने प्रेमाने मांडलं आहे. आईने घरी थांबून वाचवलेले पैसे त्याला आनंद देणार नाहीत. शिवाय पुढच्या खेपेला नात सात-आठ वर्षांची असेल, ४४ इंचांच्या वर गेलेली असेल, आणि तिच्या आईबापांबरोबर अंधारातल्या गाडीत बसायला पळेल. तुमची आणि तिची यादी एकच आहे ती याच वर्षी.

"तुम्ही दोघं जाऊन या, आम्ही तिला सांभाळतो," हे वाक्य तुमच्या तोंडून पटकन निघून जाईल. आयुष्यभर तेच म्हणत आलात. एखाद्या वेळी म्हणा, त्यांनाही मोकळं वाटू दे. पण सकाळी पहिल्यांदा म्हटलंत की दिवसभर ते तुमचंच काम ठरेल. आईबापांना आळीपाळीने पाळण्यात बसता यावं म्हणून 'रायडर स्विच' अशी सोय तिथे आहे, दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. ती त्यांना वापरू दे.

पायात नवे बूट नकोत. आत्ताच घेऊन रोज गंगेवर फिरायला जाताना घाला, म्हणजे जूनपर्यंत पायाला बसतील. साडीऐवजी पंजाबी ड्रेस बरा, ओढणी मात्र पिन लावून. आणि आजच मुलाला फोन करून सांगा की तिकीट माझंही काढ. दादांना हे पत्र वाचून दाखवा, इंजिनांचं दोनदा.

तुमची,
धाकटी नणंद