सांधेवाला

आमच्या नालवाडीत ‘बूट’ या शब्दाला जरा वेगळा मान आहे. विनोबा १९३२ च्या अखेरीस इथे राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला गेले. त्याच दशकात गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय इथे चालत होते. तिथे चामडे कमावीत ते आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचे, कापलेल्याचे नव्हे. आज नालवाडी वर्धा शहराला अगदी चिकटली आहे, परंतु जोड्यांचा विषय निघाला की जुनी माणसे अजून हे आवर्जून सांगतात. अशा गावी राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाला एके दिवशी कुणी म्हणावे, “सर, तुमचा कंप्युटर बूट नाही होऊन राह्यला,” तर त्याने काय समजावे? माझी नजर आधी स्वतःच्या पायांकडे गेली!

पण शब्दाचा माग काढण्याची खोड आमच्या धंद्यातच आहे. इंग्रजी बुटाला टाचेच्या वर मागे चामड्याचा एक फासा असतो. तो धरून बूट वर ओढायचा. आपल्याच बुटाचे फासे धरून स्वतःला जमिनीवरून उचलणे हा इंग्रजीत अशक्य गोष्टीचा दाखला झाला. आपल्याकडे तसाच जुना दाखला डोंबाऱ्याचा आहे. कितीही तरबेज असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही. १९५० नंतरच्या दशकात संगणकवाल्यांनी तो फाशाचा शब्द उचलला, कारण त्यांची अडचण हुबेहूब हीच होती. संगणकाचे सारे शहाणपण त्याच्या कार्यप्रणालीत, आणि ती निजलेली असते डिस्कवर. डिस्कवरचे काही वाचायचे तर आधी ती प्रणाली जागी हवी. आणि ती जागी व्हायची तर आधी कुणी तरी डिस्क वाचायला हवी! या पेचातून जो इवलासा कार्यक्रम वाट काढतो त्याला ‘बूटलोडर’ म्हणतात.

इवलासा म्हणजे किती? माझ्या जुन्या यंत्रात डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात ५१२ बाइट मावतात. त्यातले ६४ डिस्कच्या वाटण्यांच्या सातबाऱ्यात जातात, दोन शेवटच्या सहीशिक्क्याला. उरले ४४६. एका पोस्टकार्डावर बारीक अक्षरांत लिहिले तर याहून अधिक मावेल. एवढ्या जागेत फारसे शहाणपण बसत नाही. म्हणून हे ४४६ बाइट एवढेच करतात, की आपल्यामागे दडलेल्या जरा मोठ्या भावाला हाक मारतात. तो जागा होऊन डिस्कवरचे आपले उरलेले साहित्य गोळा करतो आणि पडद्यावर विचारतो, “कुठे जायचे?”

‘कुठे जायचे’ हा प्रश्न माझ्याकडे पडतो, कारण माझ्या एका यंत्रात दोन प्रणाली नांदतात. एक लिनक्स, माझ्या रोजच्या लिहिण्यावाचण्याची. दुसरी जुनी विंडोज. तिला आता इंटरनेटचे वारेही लागू देत नाही. पण तिला मी घराबाहेर काढू शकत नाही. सेवाग्राम स्टेशनाशी नागपूरहून येणारा लोहमार्ग फुटतो. एक फाटा वर्धा-भुसावळवरून मुंबईकडे जातो, दुसरा बल्लारशाकडून मद्रासकडे. (आता चेन्नई म्हणायचे, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची गाडी अजून मद्रासलाच जाते.) सांधा बदलणारा माणूस पूर्वी तिथे उभा असे. तो गाडी हाकत नाही, माल वाहत नाही, तिकिटे फाडत नाही. पण तो नसेल तर दोन्हीकडचे रूळ शाबूत असून गाडी कुठेच जायची नाही. माझ्या यंत्रातल्या सांधेवाल्याचे नाव ग्रब. १९९५ मध्ये जन्मला. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ अळी. पण तो मुद्दा सोडून देऊ.

जूनमध्ये, मृगाचा पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री, लिनक्सची नवी आवृत्ती डिस्कवर चढत होती. वीज गेली. बॅटरीने काही मिनिटे दम धरला आणि सोडला. सकाळी यंत्र लावले तर काळ्या पडद्यावर दोनच ओळी. पहिलीत म्हटले होते, अमुक एक खूण सापडत नाही. दुसरीत नुसते ‘ग्रब रेस्क्यू’, आणि पुढे लुकलुकणारी रेघ. काय झाले असावे ते नंतर उमगले. त्या मोठ्या भावाचे साहित्य नवे लिहून झाले होते, आणि तो स्वतः मात्र जुनाच राहिला होता. दोघांची भाषा जुळेना. घरात नवी सून आली आणि सासू जुनी, एवढीच गोष्ट. पण त्यापायी अख्खे घर ठप्प.

आता माझा जीव कशासाठी टांगणीला लागला ते सांगायला हवे. वीस वर्षांपूर्वी, एम.ए. होऊन नुकता नोकरीला लागलो होतो तेव्हा, मी आईच्या आणि मावश्यांच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. आईचे माहेर आर्वीकडचे. एकूण सहाशे चाळीस ओव्या भरल्या. त्या टंकित केल्या त्या काळच्या फॉन्टात. त्या फॉन्टांची गंमत अशी, की संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच. वरून मराठीचा मुखवटा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, लिनक्सही १९९१ चाच, परंतु आमच्या टेबलावर युनिकोड पोचायला बरीच वर्षे लागली. त्या ओव्यांच्या प्रती मी दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. पण दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडल्या की आईच्या ओवीऐवजी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मुखवटा चढवणारा कार्यक्रम या एकाच यंत्रातल्या विंडोजवर चालतो. त्याची कुलपाची किल्लीही त्याच्याशीच बांधलेली. कागदावरची प्रत एका प्रकाशकाने वाचायला म्हणून नेली. ते अजून वाचत आहेत. रूपांतर करणारी साधने आता मिळतात, पण बोलीतल्या शब्दांवर ती हमखास ठेचकाळतात. म्हणून प्रत्येक ओवी मुळाशी ताडून पाहावी लागते. निम्म्याहून अधिक व्हायच्या होत्या.

आणि मावश्या आता नाहीत. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला ओव्या येतात, मात्र सुरुवात सापडत नाही. “एखादी म्हण ना,” म्हटले तर ती कावरीबावरी होते. पण मी पडद्यावर पाहून पहिला शब्द उच्चारला, की मान डोलू लागते आणि सबंध ओवी, हेलासकट, बाहेर येते. रोज संध्याकाळी आमचा हा कार्यक्रम असतो. वीज गेली त्या दुसऱ्या दिवशीही आई वेळेवर खुर्चीत येऊन बसली.

“आज नाही का रे बाबू?”

“आई, मशीन बिघडली.”

“मंग तूच सांग.” मला एकही पहिला शब्द आठवेना.

यंत्र स्कूटरवर घालून बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेले. तिथल्या मुलाने काळा पडदा पाहिला न पाहिला तोच निदान सांगितले. “सरजी, याले फॉरमॅटच मारा लागते.”

“मग आतलं?”

“आतलं जाईन जी. पण मशीन एकदम नवी होऊन जाते.”

या मुलाचा मला राग आला नाही. दार अडकले म्हणून घर पाडणारी माणसे सगळ्याच धंद्यांत असतात. आमच्या अभ्यासमंडळांतही बसतात. यंत्र परत आणले आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. व्याकरणाच्या तासाला तो मागच्या बाकावर बसे.

“सर, घाबरू नका जी. डेटा कुठंच गेला नाही. दार उघडून नाही राह्यलं, बस.”

त्याने मला त्या लुकलुकणाऱ्या रेघेपुढे दोन अक्षरी आज्ञा लिहायला लावली. तिचा अर्थ, काय काय आहे ते दाखव. पडद्यावर डिस्कचे नाव आले, पाठोपाठ तिच्या तिन्ही वाटण्यांची. सारे जागेवर होते! ग्रबला त्या अवस्थेत मोजक्याच आज्ञा कळतात, पण तेवढ्यानेही मला धीर आला.

मुलीच्या लॅपटॉपवरून एका पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरवले आणि आमचे यंत्र त्यावर चालू केले. म्हणजे शेजाऱ्याच्या गच्चीवरून आपल्या घरात उतरण्यातलाच प्रकार. मग आमची लिनक्सची वाटणी त्याला जोडायची. यंत्राची उपकरणे आणि चालू कामे यांची तीन दालने तिच्याशी जुळवायची. आणि मग एका आज्ञेने पाहुण्या प्रणालीला सांगायचे, की तू आता आपले घर विसर, हेच तुझे घर. एकदा आत शिरले की ग्रब नव्याने बसवायचा. इथे विद्यार्थी एकदम कडक झाला. “सर, पूर्ण डिस्कचं नाव लिहा, वाटणीचं नाही. शेवटी आकडा नको. आणि आधी साइज पाहून घ्या, पेन ड्राइव्हचं नाव तर नाही ना लिहून राह्यले?” मी पाहिले. पाचशे जीबीची ती डिस्क, आठची ती पेन ड्राइव्ह. प्रत्येक आज्ञा तो अक्षर अक्षर सुटे करून सांगत होता, मी परत म्हणून दाखवीत होतो. दोन शब्दांमधली एक मोकळी जागा चुकली तरी चालत नाही. इतके काटेकोर शुद्धलेखन मी वीस वर्षांत एकाही वर्गाकडून करून घेऊ शकलो नाही!

बसवणे पूर्ण, चूक आढळली नाही, अशी ओळ उमटली. यंत्र पुन्हा लावले. निळसर यादी आली, लिनक्स आले. पण यादीत विंडोजचे नावच नव्हते. माझ्या पोटात गोळा आला. ओव्या तर तिकडेच!

“अरे, दुसरी गेली!”

“गेली नाही, सर. तिला कोणी विचारलंच नाही.”

झाले होते असे. पूर्वी ग्रब यादी करताना शेजारच्या वाटण्यांत डोकावून दुसरे कोण राहते ते आपण होऊन पाहून येई. २०२१ च्या आवृत्तीपासून सुरक्षिततेखातर ही चौकशी बंद ठेवलेली असते. परक्याच्या घरात सर्वाधिकार घेऊन शिरणे बरे नव्हे, हा त्यामागचा विचार. मला तो पटतोही. पण शेजारी आपलाच असेल तर तसे लिहून द्यावे लागते. एका फाइलीत एक ओळ लिहिली, यादी पुन्हा करायला सांगितली. तळाशी विंडोजचे नाव उमटले.

त्याच फाइलीत दुसरी एक ओळ होती. यादी पडद्यावर किती सेकंद थांबावी, याची. पाच होते, तीस केले. आईला खुर्चीत नीट बसायला तेवढा वेळ लागतो, आणि यादी आली की “आता आपली लाव” असे ती सांगते.

त्या संध्याकाळी मी रूपांतर झालेली एक ओवी उघडली आणि यंत्राने दिलेला पहिला शब्द मोठ्याने वाचला. “धऱ्यावर...”

आई थांबली. “धऱ्यावर कोन जाते रे बाबू? धुऱ्यावर.” आणि पुढची ओवी तिने एका दमात म्हटली. मी मूळ उघडून पाहिले, आणि ‘ध’ला उकार दिला.