समुद्राशी भांडण

मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात कोणी ‘सागरा प्राण तळमळला’ गायलं, की संपल्यावर टाळ्या क्षणभर उशिरा पडतात.

सावरकरांना हे गीत ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलं ते डिसेंबर १९०९मध्ये. मुंबई सोडली होती जून १९०६मध्ये. त्या ताटातुटीचं दुःख ओठांवर यायला साडेतीन वर्षं गेली. मधल्या काळात थोरले बंधू बाबाराव यांना काळ्या पाण्याची सजा झाली, मदनलाल धिंग्रा फासावर गेले. निघताना माणूस परतीच्या भरवशावर निघतो. तो भरवसा सुटला, की मगच त्याला कळतं, आपण देशाचा निरोप घेऊन आलो होतो.

आणि कवी बोलतो ते समुद्राशी. आईला शब्द देऊन तूच मला नेलंस ना? आधी विनवणी, मग संताप, शेवटी अगस्तींनी तुला एका आचमनात संपवलं होतं, ही सरळ धमकी! समुद्राने परत आणलंही, पण जुलै १९१०मध्ये, कैदी म्हणून. पुढच्याच वर्षी त्याने अंदमानला नेलं.

आमच्या अंधेरीत दर ऑगस्टला प्रत्येक सोसायटीतून एखादं पोर ‘एमएस’ला निघतं. बॅग काट्यावर चढते, २३ किलोंच्या वर गेली की मेतकुटाची पुडी बाहेर, आणि आईची नजर वळली की पुन्हा आत. सहारला गेटवर पोराचं सगळं लक्ष पासपोर्टाकडे. तेव्हा त्याला गाणं आठवत नाही, आठवूही नये. आठवतं ते पुढे कधीतरी, घरी आईचं ऑपरेशन ठरतं आणि व्हिसाच्या भानगडीत निघता येत नाही तेव्हा.

त्या बेड्या आणि हा व्हिसा मी एका तागडीत घालणार नाही. पण भांडायला समोर कोणी नसणं, हे याच्या वाट्याला जास्त आलंय. विमानातून समुद्र धड दिसतही नाही. चिडायचं कुणावर, अपॉइंटमेंटच्या तारखेवर? म्हणून तिकडच्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत तो हे गाणं घसा फोडून म्हणतो, तेव्हा मला बरं वाटतं. डोळे भरून येणं त्याला इथूनच येत होतं. अगस्तींचं नाव घेऊन समुद्राला दरडावणं त्याला तिथे लागणार आहे.