जोडा

मराठीत ‘जोडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पायांत घालायचा, दुसरा बोहल्यावर उभा राहायचा. दोन्ही निवडताना माणसे एकच चूक करतात. तो दिसतो कसा एवढेच पाहतात. त्याच्यासह चालायचे आहे हे विसरतात. मला हे पहिल्या जोड्याने शिकवले. दुसऱ्याचा योग आला नाही.

माझी उंची चार फूट दहा इंच. छत्तीस वर्षे शाळेत शिकवले, पण फळ्यावरची पहिली ओळ कधी सरळ आली नाही. टाचा उंच करून लिहिताना ती हळूहळू उजवीकडे उतरायची. मुले हसत, मीही हसे. पण एके काळी माझ्या उंचीचे आमच्या घरात कोणालाच हसू येत नव्हते.

१९७८ सालची गोष्ट. वडील माझ्या लग्नासाठी जोडे झिजवीत होते. आधी मुलीचा फोटो जाई, मग पाहायला माणसे येत. आईने कुठूनसे अडीच इंच टाचेचे सँडल पैदा केले. जळगावातल्या एका स्टुडिओत, फुलदाणीच्या तिवईशेजारी मला उभे केले आणि निऱ्या खाली ओढून सँडल झाकून टाकले. मी तिवईला धरून उभी होते. पाहणाऱ्याला तो डौल वाटावा, खरे तर तोल सांभाळणे चालले होते. फोटो झकास आला. तो धुळ्याला गेला आणि आठ दिवसांत तिकडची मंडळी आली.

आईने सगळा विचार केला होता, एक गोष्ट सोडून. आपल्याकडे घरात पादत्राणे घालीत नाहीत! मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले ती अनवाणीच. मुलाच्या आईने फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “जरा उभी राहा बघू, बाळ.” मी उभीच होते.

जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. तशाच एका नंबराच्या गल्लीतून चार ओळींचे पत्र आले : ‘योग दिसत नाही.’ वडिलांनी ते वाचून खिशात घातले आणि अंगणात जाऊन सायकल पुसत बसले. सायकल स्वच्छच होती. नकाराचे मला वाईट वाटले नाही असे नाही; पण त्याहून लागले ते हे, की आमचे घर अडीच इंच खोटे बोलले होते आणि ते माझ्या पायांनी बोलले होते. आई पुढे कितीतरी दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हती. तेव्हापासून उंच टाच म्हटली की माझ्या कपाळाला आठी पडे.

आणि गेल्या वैशाखात भाची येऊन म्हणाली, “आत्या, रिसेप्शनला हिल्स घ्यायच्यात. चल ना माझ्याबरोबर.”

ही माझ्या भावाची मुलगी. उंचीने माझ्यावर गेलेली. मुलगा धुळ्याचा, चांगला सहा फुटी. माझ्या पोटात गोळा आला.

“कुणी सांगितलं घालायला? त्यांच्याकडून काही...?”

“कुणी नाही गं! दोन वर्षं आम्ही एका ऑफिसात आहोत, माझी उंची त्याला पाठ आहे. तो तर म्हणतो नको घालूस, पाय दुखतील. मला आवडतात म्हणून.”

‘मला आवडतात म्हणून.’ इतके साधे कारण असू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

ती सकाळीच निघायला तयार होती. मी म्हटले, संध्याकाळी जायचे. दिवसभराच्या उभ्याने पाऊल थोडे सुजते. त्यातून जळगावचा मे महिना, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसाला टेकलेला. सकाळी बरोबर बसलेली चप्पल संध्याकाळी हटकून चावते. छत्तीस वर्षे फळ्यापुढे उभी राहणारी बाई आणखी काही शिकली नसेल, पाय शिकलेली असते.

फुले मार्केटातल्या दुकानदाराने पंधरा जोड पुढे मांडले. भाचीचा हात नेमका बारीक टाचेच्या चकचकीत सँडलवर गेला. आम्ही जळगावची माणसे सोने घेताना कस पाहतो, वजन पाहतो, हॉलमार्क पाहतो, आणि जिच्यावर सगळ्या देहाचा भार पडायचा ती वस्तू मात्र रंगावर भाळून घेतो. मी दुकानदाराला म्हटले, “भाऊ, एक जुना पेपर आणि पेन्सिल द्या.” भाचीला पेपरवर उभे करून दोन्ही पावलांभोवती रेघ ओढली. डावे पाऊल किंचित मोठे निघाले. बहुतेकांचे एक मोठे असतेच, आणि माप त्याचे घ्यायचे असते. मग ते चकचकीत सँडल रेघेवर ठेवले. दोन्ही बाजूंनी रेघ बाहेर!

“मावशी, वापरून सैल होतं,” दुकानदार म्हणाला.

“ते सैल होईपर्यंत पोरीची बोटं चेपतील, त्याचं काय?”

टाच जितकी उंच तितका भार पुढे, बोटांच्या मुळाशी जातो. म्हणून पुढची जागा रुंद हवी, तळ मऊ हवा, घोट्याला पट्टा हवा. टाच जाड हवी आणि खोटेच्या मधोमध खाली यायला हवी, मागे रेललेली नको. पुढच्या तळालाही अर्धा इंच जाडी असली तर दोन इंचांची टाच पायाला दीडच इंच भासते. असा एक जोड अखेर निघाला. भाची गालिच्यावर चालू लागली, तिला मी फरशीवर आणले. लग्नाच्या हॉलमध्ये फरशीच असते. दहा मिनिटे तिला येरझारा घालायला लावल्या. दुकानदाराने कपाळ पुसले.

खरे म्हणजे उंच टाच चालण्यासाठी जन्मालाच आली नाही. इराणी घोडेस्वारांनी ती रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून वापरली. तिकडून ती युरोपातल्या उमरावांनी उचलली. फ्रान्सचा चौदावा लुई तांबड्या टाचांचे जोडे घालून दरबारात मिरवत असे. बायकांची ती सुईसारखी टाच तर १९५० नंतरची. आत पोलादाची सळई घातली म्हणून ती मोडेना. पुरुषांनी ती स्वार होण्यासाठी घातली. माझ्या पायांत ती आली पसंत पडण्यासाठी. टाचेचा बिचारीचा काय दोष?

लग्न धुळ्याला झाले. एरंडोल, पारोळा मागे टाकीत गाडी धुळ्यात शिरली तेव्हा माझ्या तळहातांना घाम सुटला होता. संध्याकाळी भाची तीन तास स्टेजवर उभी होती. आहेर, फोटो, नमस्कार. मी समोरच्या खुर्चीवरून तिच्या तोंडाकडे नव्हे, पायांकडे बघत होते. एकदाही तिने भार या पायावरून त्या पायावर टाकला नाही.

रात्री पाठराखीण म्हणून मी तिच्याबरोबर सासरी गेले. उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवले होते. भाचीने वाकून पट्टे सोडले, सँडल काढले आणि दोन इंचांनी खाली उतरून पुन्हा आपल्या उंचीची झाली. नवऱ्याच्या खांद्याशीही ती पोचत नव्हती. माझा श्वास अडकला. तिची सासू पुढे आली.

“दमलीस का गं? इतका वेळ उभी. पाय दुखत असतील.”

“नाही हो आई,” भाची हसून म्हणाली, “आत्याने निवडलेत.”

आणि अनवाणी उजव्या पायाने तिने माप ओलांडले. तांदूळ आत पसरले. मी तिचे सँडल उचलले आणि कडेला, जावयाच्या जोड्याशेजारी नीट लावून ठेवले.