वहीतील दोन रकाने

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरपासून कित्येक जिल्हे ओलांडून तो बालाघाटाच्या आमच्या उजाड डोंगरांत येऊन पोहोचला होता. पुढे त्याला बेशुद्ध करून पकडण्यासाठी पथके आली, आणि येरमाळ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर अचानक बंदुकांविषयी बोलणारी माणसे उगवली. सुट्टीत गावी गेले असता शेजारचे एक काका मला म्हणाले, "ताई, तुमच्या आबांची रायफल असती तर एका बारात काम झालं असतं."

वाघाला मारायचे नव्हते, हे मी त्यांना सांगितले. आबांची रायफल त्यांच्या मृत्यूनंतर, १९९१ सालीच, सरकारजमा झाली, हेही सांगितले. जे सांगितले नाही, ते येथे लिहिते आहे.

आबा म्हणजे माझे आजोबा. निजामी राजवटीत उर्दू माध्यमात शिकलेल्या पिढीतले. काडतुसाला ते शेवटपर्यंत 'कारतूस' म्हणत. (पोर्तुगीज 'कार्तुशु'पासून निघालेला हा शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आला, त्यातली ही उत्तरेची वाट.) त्यांची शिकारीची वही माझ्याकडे आहे. तिच्यात १९५३ सालच्या एका पानावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने केलेले आहेत. डाव्या रकान्यावर '९.३' आणि उजव्यावर '.३७५'. दोन काडतुसांपैकी कोणते ठेवावे, याचा तो हिशेब आहे.

पहिले जर्मन. बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूककाराने ते १९०५ मध्ये तयार केले, आफ्रिकेत स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांसाठी. साध्या माउझर रायफलीच्या यंत्रणेत बसेल अशी त्याची लांबी. म्हणून रायफल स्वस्त. आबांनी ती १९३८ मध्ये हैदराबादेतून घेतली होती. दुसरे इंग्रजी, हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या पेढीचे, १९१२ चे. लांबलचक, निमुळते, बुडाशी पितळी पट्टा असलेले. ते माझ्या आबांच्या ऐपतीतले कधीच नव्हते. परंतु १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या आणि ज्यांच्या हत्यारखान्यात अशा रायफली टांगलेल्या असत त्यांनी त्या मिळेल त्या किमतीला काढायला सुरुवात केली. अशीच एक .३७५ आबांसमोर आली. किंमत त्यांनी हाली शिक्क्यात लिहून खाली कलदारात फिरवली आहे, सात हालीस सहा कलदार या दराने.

नेमबाजीतले मला काही कळत नाही. पण ही तुलना मी इतक्या वेळा वाचली आहे की ती पाठ झाली आहे. दोन्ही गोळ्यांच्या जाडीतला फरक पाव मिलिमीटरच्याही आत. जर्मन गोळी २८६ ग्रेनची, इंग्रजी ३०० ग्रेनची. एक ग्रॅमही अधिक नाही. फरक वेगात आणि म्हणून जोरात. नळीच्या तोंडाशी एकीचा जोर सुमारे साडेतीन हजार फूट-पौंड, दुसरीचा चार हजारांच्या वर. 'धक्का' या शब्दापुढे आबांनी डाव्या बाजूला 'सोसतो' आणि उजव्या बाजूला 'सोसेल?' असे लिहिले आहे. हे प्रश्नचिन्ह महत्त्वाचे आहे. धक्क्याला भिणारा माणूस चाप ओढण्याच्या क्षणाआधीच खांदा आक्रसतो, डोळे मिटतो आणि गोळी भलतीकडे जाते. जड काडतुसाचा सगळा जोर त्या एका पापणीत वाया जाऊ शकतो.

उष्म्याची नोंद तर मला फार आवडते. त्या काळच्या इंग्रजी काडतुसांत कॉर्डाइट असे, शेवयांसारख्या काड्यांची दारू. उन्हात तापली की तिचा दाब वाढतो आणि झडलेले टरफल नळीत अडकून बसते. इंग्रजी काडतूस निमुळते असल्यामुळे ते सहज बाहेर येते, हे आबांना कोणी सांगितले असावे. त्यापुढे त्यांनी लिहिले आहे : 'वैशाखात येरमाळ्यात पाहावे लागेल.' आफ्रिकेसाठी घडवलेल्या दोन वस्तूंचा कस येरमाळ्याच्या वैशाखात लावू पाहणारा हा माणूस मला लेखक वाटत आला आहे. तेरखेड्याचे फटाके शेजारीच तयार होतात, तेव्हा दारूच्या वासाचे आमच्या भागाला नवल नाही; नवल त्या नेमक्या वाक्याचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मी या दोन रकान्यांवर लेख लिहिला होता. शिकारकथेत जी फुशारकी असते तिचा येथे मागमूस नाही, असे त्यात म्हटले होते. कॉर्बेट हलकी .२७५ रायफल घेऊन नरभक्षकामागे जात असे, याचा दाखलाही दिला होता. लेखाचे कौतुक झाले.

मग एकदा द्वितीय वर्षाच्या वर्गात शिकारकथा शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, हाकाऱ्याला किती पैसे मिळायचे?" वर्ग हसला. मीही हसले, आणि घरी आल्यावर वही काढली.

कारण उत्तर मला माहीत होते. रकान्यांच्या पानाआधी सहा पाने त्याच वर्षीच्या पौषातली नोंद आहे : 'बिबळ्या. चाळीस कदम. दिवेलागण. गोळी मागे लागली. स. पुढे गेला.' एवढेच. आणि वहीच्या शेवटी, घरखर्चाच्या पानावर, जात्याला टाकी लावल्याचे पैसे आणि कंदिलाची काच यांच्यामध्ये : 'स. यास औषधपाणी रु. १५, ज्वारी १ पोते.'

स. हा आबांचा माग काढणारा माणूस. जातीने पारधी. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणजे या नोंदीच्या जेमतेम काही महिने आधीपर्यंत त्याला पोलीसपाटलाकडे हजेरी द्यावी लागत असणार. परवाना आबांचा, रायफल आबांची. जखमी जनावराच्या मागे करवंदीच्या जाळीत शिरणे त्याचे. बिबळ्याने त्याचा डावा दंड आणि खांदा फाडला. हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते, पण गोष्ट म्हणून सांगितले जात असे ते आबांनी दुसऱ्या गोळीने बिबळ्या कसा पाडला, ते.

त्या घटनेनंतर दीड महिन्याने आबा दोन काडतुसांची तुलना करतात. ती तुलना कशातून आली, हे लेख लिहिताना मला दिसत होते. ती खर्चाची ओळही मी वाचलेली होती. मी ती गाळली, कारण तिच्यामुळे माझ्या लेखातला आजोबा बिघडत होता. संशोधनात विद्यार्थ्याने असे केले असते तर मी प्रबंध परत पाठवला असता.

आता त्या रकान्यांकडे पाहिले की वाटते, आबा स्वतःशी एक चुकीचा वाद घालत होते. गोळी मागे लागली होती, पोटात. तिथे पाचशे-सातशे फूट-पौंड जास्त लागून काय झाले असते? जनावर कदाचित थोडे लवकर बसले असते, कदाचित नाही. हे त्यांना कळत नव्हते असे मी मानत नाही, 'सोसेल?' लिहिणाऱ्याला कळतेच. तरी माणूस जड काडतुसाकडे वळतो, कारण दोष वस्तूत असला तर तो बाजारातून बदलून आणता येतो. अखेरीस .३७५ त्यांनी घेतली नाही. रकान्यांखाली 'नको' एवढा शब्द आहे. कारण दिलेले नाही. पैसा असेल, खांदा असेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, त्याच्या बरीच आधी वहीतल्या नोंदीही थांबतात.

व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक खाली ठेवून रान नुसते पाहायला सुरुवात केली, तसे आबांचे झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरते. आबांनी रानात जाणेच सोडले.

यंदा चैत्री यात्रेला, येडेश्वरीची पालखी आमराईत गेली होती त्या दिवशी, मी स.च्या घरच्यांचा शोध घेतला. वस्ती जुन्या जागी नाही. त्याची सून भेटली, सत्तरीपलीकडची. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला बसायला पोते दिले. मी वहीतले पंधरा रुपये आणि ज्वारीचे पोते सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "ज्वारी आली व्हती, तात्या सांगायचे. पैशाचं न्हाई ठावं." सासऱ्याचा हात पुढे खांद्याच्या वर कधी गेला नाही. फासे लावायचे म्हणजे दोन हात लागतात. ते काम मुलाकडे आले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता.

निघताना मी विचारले, त्या दिवसाचे ते काही सांगत का?

"सांगायचे की. मालकाला म्हनलं व्हतं, उजेड गेलाय, ऱ्हाऊ द्या, सकाळच्याला बघू. मालक म्हनले, दिसतंय मला."

वहीत हे वाक्य नाही. आबांच्या दोन्ही काडतुसांची रिकामी टरफले माझ्या टेबलावर आहेत. पट्ट्याचे लांबडे त्यांनी नमुना म्हणून मागून आणले असावे. वार्षिकांकाच्या संपादकांना मी जुन्या लेखाची पुरवणी पाठवली आहे, खर्चाच्या पानाच्या छायाचित्रासह. त्यांनी कळवले आहे की जागा कमी असल्याने छायाचित्र घेता येईलच असे नाही.